धुक्यातला तलाव, मागे डोंगर, हिवाळ्यातला मऊ उजेड: फोटो कसा साधायचा?

रानपाखरू

तलावावर तरंगणारं धुकं, मागे डोंगर आणि हिवाळ्यातल्या पहाटेचा उजेड. डोळ्यांना दिसतं त्याच्या निम्मंही फोटोत उतरत नाही. अडचणी नेमक्या अशा: धुकं पांढरं न येता मळकट राखाडी येतं. डोंगर एक तर गायब होतो, नाही तर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ऑटोफोकस मागे-पुढे घुटमळत राहतो. भिंगावर दव साचतं. कॅमेरा फुल फ्रेम आहे, २४-७० आणि ७०-२०० मिमी अशी दोन भिंगं आहेत, ट्रायपॉड आहे. फिल्टर घेतलेले नाहीत. घ्यावेत का तेही सांगा. 'पहाटे लवकर जा' हे माहीत आहे, त्याच्या पुढचं हवंय.

दवबिंदू

लवकर जाण्याआधी कोणत्या दिवशी जायचं ते बघा. तलावावर दोन जातींचं धुकं असतं आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा.

एक वाफेचं. पाणी सावकाश गार होतं, हवा रात्रीत झपाट्याने. गार हवा कोमट पाण्यावर सरकली की पाण्यालगतची ओली हवा तिच्यात मिसळते आणि तिथल्या तिथे बारीक थेंब तयार होतात. हे धुकं पाण्याला चिकटून राहतं, गुडघाभर ते फार तर एक-दोन पुरुष उंच, आणि त्याचे पदर वळवळत वर जातात. दुसरं दरी भरणारं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तिथपर्यंत) उतरते आणि खोलगट भागात साचत जाते. वर उबदार हवेचं झाकण बसतं, भूगोलात शिकलेली तापमानाची विपरीतता ती हीच. त्यामुळे या धुक्याचा माथा सपाट असतो. दुधातून वर आलेलं शिखर दिसतं ते या दुसऱ्या जातीत.

आदल्या रात्री अंदाज बघताना आकाश निरभ्र हवं, वारा ताशी ५ किमीच्या आत हवा, आणि पहाटेचं तापमान व दवबिंदू यांतला फरक २ अंशांच्या आत यायला हवा. जमीन ओली असेल तर सोन्याहून पिवळं. वारा १०-१२ च्या पुढे गेला की वरची कोरडी हवा खाली घुसळली जाते आणि धुकं बसत नाही. अगदी पान हलत नसेल तरी पंचाईत, कारण मग नुसतं दव पडतं, हवेत काही उठत नाही. मध्यरात्रीनंतर ढग आले तर जमीन गार व्हायची थांबते. अशा दिवशी गादीतून उठू नये.

वाफेच्या धुक्यासाठी तलावाची खोलीही बघा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून वरचं गार झालेलं पाणी खाली बसत राहतं आणि खालचं कोमट वर येत राहतं. खोल तलाव त्यामुळे ऐन हिवाळ्यातही वाफाळतो. उथळ तळं लवकर गार होऊन गप्प बसतं. गोठलेल्या तलावाकडून वाफेची अपेक्षाच नको.

त्रिपाद

दवबिंदू यांनी दिवस सांगितला, मी जागा सांगतो. अपर्चर, शटर वगैरे नंतर. धुक्याच्या माथ्यापेक्षा तुम्ही किती वर किंवा किती खाली आहात, यावर निम्माअधिक फोटो ठरतो.

साधा हिशेब करा. धुक्याचा थर ३ मीटर जाड, पलीकडचा काठ ४०० मीटरवर. तुम्ही पाण्याकाठी दीड मीटर उंचीवर कॅमेरा लावला, तर पलीकडच्या काठापर्यंतची नजर पूर्ण ४०० मीटर धुक्यातून जाते. काठ गेला, डोंगराचा पायथाही गेला. तेच १५ मीटर उंच बांधावर किंवा टेकाडावर चढलात, तर त्याच काठाकडे जाणारी नजर शेवटचे ८० मीटरच धुक्यातून जाते. काठावरची झाडं फिकट का होईना पण दिसतात, आणि धुकं चादरीसारखं खाली अंथरलेलं दिसतं. भिंग तेच, उजेड तोच, १५ मीटरचा चढ तेवढा वाढला.

म्हणून आदल्या दिवशी उजेडी जाऊन दोन जागा हेरून ठेवा: एक पाण्यालगत, एक वर. त्यांच्यातली पायवाट अंधारात सापडेल ना, तेही बघा. पहाटे आल्यावर थराची जाडी बघून कुठे थांबायचं ते ठरवा. दरी भरणारं धुकं असेल तर १५ मीटरने भागत नाही, माथ्याच्या वर जावंच लागतं.

अजून एक. डोंगरावरून गार हवा रात्रभर ओढ्या-नाल्यांतून खाली वाहत असते. ओढा जिथे तलावाला मिळतो त्या तोंडाशी वाफेचं धुकं सहसा जास्त जोरात असतं. तो कोपरा चौकटीत येईल अशी जागा शोधा.

पाणकावळा

त्रिपाद यांच्याशी अर्धा सहमत. वर चढलं की प्रतिबिंब हातचं जातं. तलावाचा फोटो आणि प्रतिबिंब नाही, म्हणजे मीठ नसलेली आमटी. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितकं प्रतिबिंब उजळ. ट्रायपॉडचे पाय पसरा आणि वीतभर उंचीवर या.

भिंगरी

पाणकावळा, निष्कर्ष बरोबर, कारण चुकलं. लांबच्या डोंगराच्या प्रतिबिंबाचा उजळपणा कॅमेऱ्याच्या उंचीवर अवलंबून नसतो. शिखर क्षितिजापासून १० अंश वर दिसत असेल तर त्याचं प्रतिबिंब १० अंश खालीच दिसणार, तुम्ही वीतभर उंच असा की १५ मीटर. पाणी उजेड किती परतवतं ते या कोनावर ठरतं: ५ अंशांना साधारण ५८ टक्के, १० अंशांना सुमारे ३५, २० अंशांना १३ च्या आसपास. म्हणजे १० अंशांवरच्या शिखराचं प्रतिबिंब शिखरापेक्षा दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) काळपट, २० अंशांवरचं जवळजवळ तीन. डोंगर फार जवळ आणि उंच असेल तर प्रतिबिंब काळवंडतं ते यामुळे.

उंचीने बदलते ती पाण्यावरची जागा. १० अंशांच्या शिखरासाठी ३० सेंटीमीटर उंचीवरून तुमच्यापासून पावणेदोन मीटरवरचं पाणी आरसा होतं. १५ मीटर उंचीवरून तोच आरसा ८५ मीटरवर जातो. काठाजवळचं पाणी लव्हाळ्याच्या किंवा दगडांच्या आडोशाला निवांत असतं, ८५ मीटरवर बारीक लहरी असतात आणि वर धुकंही बसलेलं असतं. खाली वाकल्याचा फायदा हा आहे. दोन-चार मीटरचं शांत डबकंसुद्धा अख्ख्या शिखराला पुरतं.

आणि खाली गेलं की काठावरचे दगड, होडी वगैरे जवळच्या गोष्टी वर सरकून डोंगराच्या प्रतिबिंबावर चढतात, तेवढं सांभाळा.

पाणकावळा

मान्य. आमटी तीच, मीठ कुठून येतं ते कळलं.

त्रिपाद

मग तडजोड वेळेची करा. उजाडण्याआधी हवा जास्त स्थिर असते, तेव्हा खाली प्रतिबिंब. ऊन आलं की धुकं हलायला लागतं आणि त्याचे थर उजळतात, तेव्हा वर. मध्ये दहा मिनिटं चढायला ठेवा.

कवडसा

उजेड कुठून येतो यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

धुक्याचे थेंब बहुतेक उजेड पुढच्याच दिशेने फेकतात. त्यामुळे सूर्याकडे तोंड करून धुकं सर्वांत तेजस्वी दिसतं, बाजूच्या उजेडात त्याला पोत आणि थर येतात, आणि सूर्य पाठीशी असला की ते सपाट पांढरं होतं. या थेंबांवर सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुक्याला स्वतःचा रंग नसतो. त्याच्यावर आकाशाचा उजेड पडला तर निळं, कोवळं ऊन पडलं तर केशरी. धुरकं वेगळं, त्यातले कण फार बारीक असल्याने लांबचे डोंगर निळसर दिसतात.

आता डोंगर कोणत्या दिशेला आहे?

डोंगर पश्चिमेला असेल तर सूर्य तुमच्या पाठीमागून येतो. सूर्योदयाच्या वीस-एक मिनिटं आधी डोंगराच्या वर गुलाबी पट्टा आणि त्याखाली निळसर करडा पट्टा दिसतो. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. मग शिखराला ऊन लागतं आणि ते हळूहळू खाली उतरतं, तलाव मात्र अजून सावलीत. निळं धुकं आणि तांबूस शिखर एकत्र मिळण्याची ही वेळ, पण उनातलं शिखर आणि सावलीतला तलाव यांच्यात तीन-चार स्टॉपचा फरक सहज पडतो. ऊन शिखराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असतानाच काढा. डोंगर पूर्ण उजळला की मजा गेली.

डोंगर पूर्वेला असेल तर तो काळ्या आकृतीसारखा येईल आणि सूर्य उशिरा दिसेल. हात लांब करून मूठ धरा: मुठीची रुंदी सुमारे १० अंश. डोंगरधार एक मूठ उंच असेल तर २० अक्षांशाच्या आसपास हिवाळ्यात सूर्य तिच्यावर यायला छापील सूर्योदयानंतर पाऊण तास लागतो, ४५ अक्षांशाला तासाहून जास्त. सूर्य वर येतो तो तिरका, म्हणून तो धारेवर ज्या जागी उगवेल ती जागा सूर्योदयाच्या दिशेपासून बरीच सरकलेली असते. उत्तर गोलार्धात ती दक्षिणेकडे सरकते.

माझी पसंती विचाराल तर डोंगर दक्षिणेला किंवा उत्तरेला आणि ऊन बाजूने. कमी नाट्य, पण थर सगळ्यांत सुरेख. हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालून चालतो, त्यामुळे अशा जागी मऊ उजेड सूर्योदयानंतरही तासभर टिकतो.

अवांतर: सूर्य पाठीशी आणि समोर उजळलेलं धुकं असेल तर तुमच्या डोक्याच्या सावलीभोवती ४० अंशांच्या आसपास पांढरी धुक्याची कमान दिसू शकते. ती चौकटीत मावायला २० मिमी किंवा त्याहून रुंद भिंग लागतं.

रानपाखरू

भरपूर मिळालं. आता राखाडी धुक्याचं बोला. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख: डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) मध्यभागी असतो, म्हणजे एक्स्पोजर बरोबरच की?

राखाडी१८

तोच घोळ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीचं आहे असं धरून चालतो. धुकं मधल्या राखाडीपेक्षा उजळ असतं, म्हणून मीटर त्याला ओढून मध्यावर आणतो. पाऊण ते सव्वा स्टॉप वर घ्या. धुक्याचा उंचवटा हिस्टोग्रामच्या उजव्या तिसऱ्या भागात यावा, कडेला टेकू नये. पाऊण चौकट काळ्या डोंगराने भरलेली असेल तर उलट होतं, मग वाढवायची गरज नाही. आकडा पाठ करू नका, उंचवटा कुठे बसतो ते बघा.

सूर्योदयाला तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे लावून ठेवा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल वाहिनी गुपचूप कडेला आपटलेली असते. उजळ ढगांत मग नारिंगीच्या जागी सपाट पिवळा डाग येतो. पडद्यावरचा आलेख जेपेगचा असतो, रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) थोडी जागा उरते, पण तिच्यावर विसंबू नका.

सुरुवातीचे आकडे हवे असतील तर: आयएसओ १००, अपर्चर एफ/८, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी २ ते ४ सेकंद, सूर्योदयाच्या सुमारास १/१५ ते १/६० सेकंद. धुक्याच्या दाटपणावर दोन्हीकडे एक-दोन स्टॉप हलेल. मॅन्युअल मोडवर राहा आणि दर तीन-चार मिनिटांनी आलेख बघा, कारण या अर्ध्या तासात उजेड सारखा वाढत असतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. तो निळेपणा काढून टाकतो आणि प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा करतो. ५२०० ते ५६०० केल्विनवर बांधून ठेवा. पहाटेची निळाई राहते, उन्हाचा तांबूसपणाही.

भिंगरी

फोकसचं मी घेते. ऑटोफोकसला कॉन्ट्रास्टची कड लागते, धुक्यात ती नसते, म्हणून घुटमळणं. लाइव्ह व्ह्यू चालू करा, १० पट मोठं करा, डोंगराची धार किंवा पलीकडचं झाड पकडून हाताने फोकस करा. दोन्ही दिसत नसतील तर जवळचं लव्हाळं, होडी, काहीही काळपट. मग ऑटोफोकस बंद. भिंग अनंताच्या खुणेपलीकडे फिरतं, त्यामुळे रिंग शेवटपर्यंत फिरवून 'झालं' म्हणू नका. झूम हलवलात तर फोकस पुन्हा तपासा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा दिवाही बंद करा. धुक्यात तो फक्त समोरचे थेंब उजळवतो. फ्लॅशचंही तेच.

पुढचे दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत तर फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/११ ला पावणेदोन मीटरवर फोकस केलं की सुमारे ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत चालतं. ३५ मिमी, एफ/८ ला ५ मीटर. १०० मिमी, एफ/८ ला ४२ मीटर. मोठ्या छपाईसाठी या अंतरांच्या थोडं पुढे फोकस करा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळंच मऊ होतं.

निवांत

शटरबद्दल. इंटरनेटवर बघून लोक धुक्यालाही ३० सेकंद देतात आणि मग धुकं दिसतच नाही. सेकंदाला अर्धा मीटर सरकणारं धुकं १०० मीटरवर आहे, भिंग २४ मिमी, सेन्सर फुल फ्रेम आणि ६००० पिक्सेल रुंद. एका सेकंदात ते २० पिक्सेल सरकतं, ३० सेकंदांत ६००. वळवळणारे पदर हवे असतील तर २४ मिमीला पाव ते एक सेकंद, १०० मिमीला १/१५ किंवा त्याहून वेगवान. ३० सेकंदांनी धुक्याचा पोत पुसला जातो, एकसारखी साय उरते. काही चौकटींत ती साय चांगली दिसते, म्हणजे पाण्यात एकच खांब किंवा एकच झाड असेल तेव्हा. डोंगर आणि थर दाखवायचे असतील तर नको.

पाण्याचंही बघा. बारीक लहरी असतील तर लांब एक्स्पोजरने रंग राहतो, पण शिखराचा आकार उभा पसरतो. आकार हवा असेल तर वारा थांबायची वाट बघणं एवढाच उपाय.

आणि लांब एक्स्पोजरची नॉइज कमी करायची सोय बंद ठेवा. ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकून बसतो, तेवढ्यात शिखर दिसून पुन्हा झाकलेलं असतं.

पाणकावळा

फिल्टर घ्यावेतच. निदान अर्धा काळा, अर्धा साधा असा ग्रॅज्युएटेड. आकाश आणि पाणी सांभाळायला दुसरं काय आहे?

राखाडी१८

डोंगर असेल तर नको. फिल्टरची सीमा सरळ, डोंगराची धार नागमोडी. शिखर उगाच काळं होतं आणि वरचं धुकंही डागाळल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा दोन फोटो: एक आकाशाला, एक पाण्याला, मध्ये दीड-दोन स्टॉप. ट्रायपॉड न हलवता लागोपाठ काढा आणि संगणकावर मास्कने (प्रत्येक फोटोतला हवा तेवढाच भाग उघडा ठेवून) जोडा. आपोआप जोडणारं एचडीआर वापरलं तर हलतं धुकं दुहेरी दिसतं. हाताने जोडताना जोड धुक्यातून न नेता डोंगराच्या धारेवरून किंवा काठावरून न्या. तसंही दाट धुक्यात उजेड-अंधारातला फरक इतका कमी असतो की आजकालच्या सेन्सरला एकच रॉ पुरतो.

भिंगरी

पोलरायझरबद्दल एक वाक्य: तो पाण्यावरची चमक सर्वांत जास्त कापतो पाण्याच्या पातळीपासून ३७ अंशांच्या कोनाला, म्हणजे तुमच्या पायाजवळच्या पाण्यात. तळाचे दगड दाखवायचे असतील तर उपयोगी, प्रतिबिंब हवं असेल तर प्रतिबिंब गडद होईल अशा बाजूला फिरवू नका. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि रुंद भिंगाला आकाश एका बाजूला गडद करतो. रानपाखरू, आधी फिल्टरशिवाय एक हिवाळा काढा.

झुंजुमुंजू

मोबाइलवाल्यांसाठीही कुणीतरी सांगा की.

निवांत

मोबाइलला नाइट मोड बंद, कारण तो बरेच फोटो एकत्र करून धुक्याचे पदर पुसतो. पडद्यावर काळपट झाडावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजरची पट्टी धुकं पांढरं पण पोत असलेलं दिसेपर्यंत हलवा. बोटांनी ताणून झूम करू नका, फोनला दुसरं लांब भिंग असेल तर तेच वापरा. रॉ मिळत असेल तर घ्या. आणि भिंग पुसा! खिशातल्या तेलकट भिंगाने आलेलं 'धुकं' निम्म्या फोटोंत असतं.

दवबिंदू

दव भिंगावरही पडतं, कारण रात्रीच्या आकाशाखाली काचही उष्णता गमावते आणि हवेपेक्षा गार होते. पहिला उपाय हूड लावणं, त्याने काचेला दिसणारं आकाश कमी होतं. दुसरा भिंगाभोवती गुंडाळायचा पॉवर बँकवर चालणारा तापपट्टा, सर्वांत कमी तापमानावर. जास्त तापवला तर भिंगासमोरची हवा थरथरते आणि लांबचा डोंगर मऊ येतो. लोखंडी भुकटीची हात शेकायची पुडी रबर बँडने बांधली तरी काम होतं. पुसायला कोरडी मायक्रोफायबर फडकी तीन तरी न्या, एक पहिल्या पंधरा मिनिटांतच ओलं होतं. फुंकर मारून पुसू नका, श्वासातली वाफ काचेवरच बसते.

खरा घात परतताना होतो. गार कॅमेरा उबदार खोलीत उघडला की दव बाहेर बसतं, तसं आतही बसतं. बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून बंद करा, खोलीत दीड-दोन तास तसाच ठेवा. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे पिशवी उघडायचा मोह होत नाही.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते. सुटी बॅटरी आतल्या खिशात अंगालगत ठेवा. संपलेली दिसणारी बॅटरी खिशात गरम झाली की बऱ्याचदा आणखी काही फोटो देते.

त्रिपाद

ट्रायपॉड: चिखलात पाय सावकाश रुतत जातात, तेव्हा उभा केल्यावर वरून दाबून बसवा आणि दोन मिनिटं थांबा. मधला दांडा वर काढू नका. लाकडी धक्क्यावर उभे असाल तर एक्स्पोजर चालू असताना पाय हलवू नका, दुसरं कुणी चालत असेल तर थांबा. दोन सेकंदांचा टायमर लावा. डोक्यावरचा दिवा फोटो काढताना बंद, शेजारी कुणी असेल तर आधीपासूनच.

चौकट सरळ करायला तलावाच्या काठावर भरवसा ठेवू नका. लांब जाणारा काठ तिरकाच दिसतो. कुठलाही खांब किंवा सुळका आणि त्याचं प्रतिबिंब हे नेहमी एकाच उभ्या रेषेत असतात. चौकटीच्या मध्याजवळची अशी जोडी उभी करा, सगळं सरळ होतं.

झुंजुमुंजू

पॅनोरमा काढला तर धुकं सांध्यावर तुटतं. उपाय?

त्रिपाद

कॅमेरा उभा, ४० टक्के ओव्हरलॅप, पाच-सहा फोटो, सगळं मॅन्युअल, आणि धुकं ज्या दिशेला वाहतंय त्याच्या उलट फिरवू नका, त्याच्यासोबत फिरवा. पंधरा सेकंदांत आटपा. तरी सांधा आलाच तर तो काळ्या डोंगरावर येईल असा मास्क करा.

कवडसा

रानपाखरूचा एक प्रश्न राहिलाच: डोंगर कापून चिकटवल्यासारखा का दिसतो? डिहेझ, म्हणजे फोटो संपादनातला धुरकटपणा काढणारा स्लायडर. स्लायडर उजवीकडे ओढला की लांबच्या धारेला काळी कड येते, आकाश गर्द निळं होतं आणि अंतर नाहीसं होतं. डोंगर लांब आहे हे आपल्याला कळतं ते त्याच्या फिकटपणावरूनच. तो फिकटपणा तुम्ही हाताने पुसताय.

मी असं करतो. पूर्ण फोटोला डिहेझ शून्य किंवा उणे ५. फक्त शिखराला मऊ मास्क लावून अधिक ८ ते १०. कर्व्हमध्ये (उजेड-अंधार ठरवणाऱ्या वक्ररेषेत) जवळची एक वस्तू, होडी किंवा लव्हाळं, खऱ्या काळ्याजवळ नेतो आणि बाकी काहीही तिच्याइतकं काळं होऊ देत नाही. ती एक काळी जागा असली की मागचे सगळे थर आपोआप फिकट आणि लांब वाटतात. ती नसेल तर कितीही घासा, फोटो बेसूर राहतो. म्हणून ती काढतानाच शोधा, ट्रायपॉड लावायच्या आधी. धुक्याचा सर्वांत उजळ भाग २५५ पैकी २४५ च्या वर जाऊ देत नाही, नाही तर छापताना तिथे कोरा कागद उरतो.

सौम्य उतार असलेल्या आकाशात पट्टे पडतात. रॉ आणि १६ बिटमध्येच काम करा, शेवटी जेपेग करताना अगदी थोडा ग्रेन घाला, पट्टे मोडतात.

रानपाखरू

जुने रॉ या पद्धतीने पुन्हा उघडले. डोंगर जागेवर आला! पण आता धुक्यात करडे गोल ठिपके दिसताहेत, प्रत्येक फोटोत त्याच जागी. भिंगावरचं दव?

राखाडी१८

दव असतं तर मोठा, पसरट डाग दिसला असता आणि जागा बदलली असती. हे सेन्सरवरचे कण. एफ/१६ ला ते टोकदार दिसतात, एफ/५.६ ला जवळपास विरतात. जुने फोटो बहुधा एफ/१६ चे असतील. आता जायच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून एक फोटो काढा, संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. ठिपके दिसले तर रबरी फुग्याच्या ब्लोअरने, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, सेन्सरवर हवा मारा. तोंडाने फुंकायचं नाही.

रानपाखरू

एफ/१६ च होते. ब्लोअर शोधतो.